फाटकाबाहेरचे हात

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेले असे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील फडांकडे निघतात, आणि साखर कारखान्यांची चाके फिरू लागतात.

कारखान्याच्या आत काम करणाऱ्याचे डोळे सुरक्षित राहावेत म्हणून 1948 च्या कारखाने अधिनियमात चष्म्यांची वा पडद्यांची तरतूद करण्यात आली. फाटकाबाहेर, जेथे उसाच्या पात्याची करवती धार आणि कोयत्याचे पोलाद यांच्याशी प्रत्यक्ष गाठ पडते, तेथे मात्र मजुराने आपले संरक्षण आपणच शोधले आहे. बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा चढवते, तोंडाला फडके गुंडाळते, मोळीखाली चुंबळ ठेवते. यात अडाणीपणा काही नाही. अनुभवाने घडविलेलीच ही साधने आहेत. पात्याचे ओरखडे त्यांनी टळतात; कोयत्याचा घाव टळत नाही.

हातमोजे वाटले की प्रश्न सुटला, अशी समजूत कचेरीत बसून सहज होते. वास्तविक उजव्या हातात कोयता आणि डाव्या हातात ऊस असताना घाव चुकला, तर तो डाव्या हातावर किंवा नडगीवर बसतो. म्हणजे डाव्या हाताला सहजी न चिरणारा मोजा हवा, उजव्याला मूठ निसटू न देणारा, आणि नडगीला कवच. बाईच्या हातात पुरुषी मापाचा सैल मोजा घातला, तर रसाने ओला होऊन तो पकडच घालवतो. असा मोजा काढून बांधावर ठेवणारी बाई निष्काळजी नव्हे, शहाणीच म्हणावी लागेल.

शिवाय मजुरी टनावर. हात मंदावला की पोटाला चिमटा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तरी हिशेब टनाचाच राहिला. म्हणून मोजा निवडताना तो आधी फडात, मजुरांच्याच हातात घालून पाहिला पाहिजे.

ब्राझीलमध्ये 2005 च्या नियमांनी अशी साधने मोफत पुरविण्याचे बंधन शेतमालकावर घातले. यातील 'मोफत' हा शब्द नजरेआड करून चालणार नाही. आपल्याकडे मोजे-बूट मुकादमाच्या वहीतून आले आणि त्यांची किंमत उचलीत मांडली गेली, तर हंगामाअखेर फेडावयाच्या कर्जात आणखी एका रकमेची भर तेवढी पडेल.