बर्थडे ट्रिप, पण महाबळेश्वरच्या अलीकडेच उतरायचं

ज्यांना एसटीत रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

विषय साधा आहे. वाढदिवस आलाय, हातात दोन दिवस आहेत, बजेट बेताचं आहे आणि तुम्ही पुण्यात राहता. ग्रुपवर विचारलं की उत्तर ठरलेलं: लोणावळा नाहीतर महाबळेश्वर. मग शनिवारी घाटात ट्रॅफिक, रूमचे वाढीव रेट, आणि ज्याचा वाढदिवस आहे तोच गाडी लावायला जागा शोधतोय. माझं म्हणणं, महाबळेश्वरची गाडी पसरणीचा घाट चढण्याआधी ज्या गावातून जाते, तिथेच उतरा. म्हणजे वाईला. पुण्यापासून साधारण ९० किलोमीटर.

वाई का? कारण हे गाव फक्त पर्यटकांवर चालत नाही. तालुक्याचं ठिकाण आहे. आजूबाजूच्या गावांतली माणसं इथे बाजाराला, कोर्टात, दवाखान्यात, कॉलेजला येतात. त्यामुळे चहा चहाच्याच भावात मिळतो, आणि 'व्ह्यू पॉइंट'ला नेतो म्हणून कोणी मागे लागत नाही.

पहिली सकाळ कृष्णेच्या घाटावर घालवा. इथला ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत असतो. देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं, मूर्ती भलीमोठी म्हणून नाव ढोल्या. लोक दर्शन घेतात, सेल्फी काढतात आणि निघतात. तुम्ही तसं करू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे. देऊळ नदीच्या अगदी काठावर, म्हणजे पूर आला की पाण्याचा लोंढा थेट अंगावर. सपाट भिंतीवर तो पूर्ण ताकदीने आदळला असता. निमुळत्या टोकावर तो दोन्हीकडे फाटतो आणि बाजूने निघून जातो. होडीच्या नाळेचं तत्त्व, फक्त इथे होडी जागेवर आणि पाणी पळतंय. दिवसभर स्क्रीनवर बग शोधणाऱ्या माणसाला असं डिझाइन बघून फार बरं वाटतं.

नदीकाठाने तसेच पुढे चालत राहा. वाईचे घाट आळीआळीचे आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. हिवाळ्याच्या शेवटी कृष्णाबाईचा उत्सव असतो, तोही एकेका घाटावर पाळीपाळीने. वाढदिवस त्या दिवसांत येत असेल तर नशीबच म्हणा.

मराठी विश्वकोशाचं ऑफिसही याच गावात आहे. मुख्य संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहायचे, म्हणून एवढं मोठं काम मुंबई-पुणे सोडून इथे झालं. पहिला खंड १९७६ साली आला. आज तोच विश्वकोश तुम्ही फोनवर फुकट वाचू शकता.

दुपारी एक ते चार छोट्या गावात काही शोधू नका. जेवा, झोपा. ऊन उतरलं की मेणवली. तीनेक किलोमीटर, रिक्षाने किंवा चालत. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याला लागून घाट. 'स्वदेस' पाहिला असेल तर घाट लगेच ओळखाल. तिथे एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर मेरी आणि बाळ येशू! ही घंटा वसईची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चच्या घंटा लूट म्हणून आल्या, त्यांतली ही एक. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे आत जायचं तर आधी विचारा. आणि प्लीज, केक तोंडाला फासणं, स्नो स्प्रे वगैरे घाटावर नको. लोक तिथे रोज येतात. धोम धरण जवळच वर आहे, पावसाळ्यात पाण्यात उतरायचं धाडसही नको.

दुसरा दिवस लिंबच्या विहिरीसाठी. मी आईच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला तिला घेऊन गेलो होतो. तोवर तिचा प्रवास म्हणजे कुलदैवत, लग्नं आणि बारशी. साताऱ्याच्या अलीकडे हायवेपासून थोडं आत लिंब गाव आहे, तिथे बारा मोटेची विहीर. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधली, तसा शिलालेख आहे. विहीर अष्टकोनी, पायऱ्यांनी खाली उतरायचं, आणि विहिरीच्या पोटातच दगडी महाल.

मी फोनवर माहिती शोधत होतो, तेवढ्यात आईनेच सांगायला सुरुवात केली. तिच्या वडिलांच्या मळ्यात मोट होती. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. बैल उतारावरून खाली चालत गेले की दोर ओढला जाऊन मोट वर येते, पाणी थारोळ्यात ओतते, तिथून पाटात. बैल मागे सरकले की मोट परत खाली. उतार का? बैलाचं स्वतःचं वजन ओढायला मदत करतं म्हणून. अशा बारा मोटा इथे एकाच वेळी चालत, आसपासच्या आमराईला पाणी द्यायला. मी बीटेक केलेला, पण तो उतार कशासाठी हे मला त्या दिवशी कळलं. आई मात्र अर्धा तास एकटीच बोलत होती, हातवारे करून. घरी ती एवढं कधी बोलत नाही. म्हणून ट्रिप ठरवताना ज्याचा वाढदिवस आहे त्याला काय माहीत आहे, हेही जरा बघा.

आता खर्चाचं. एसटीने जा. महिलांना तिकीट अर्धं, ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. फक्त ओळखपत्र जवळ ठेवा. स्वारगेटहून वाई आणि महाबळेश्वरच्या गाड्या मिळतात. दुसऱ्या दिवशी वाईहून साताऱ्याची गाडी पकडा, लिंबला जायचंय हे कंडक्टरला चढतानाच सांगा. विहीर बघून साताऱ्याला या, कंदी पेढे घ्या आणि तिथूनच पुण्याची गाडी. शेवटची किती वाजता सुटते ते ॲपवर बघितलं तरी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत एकदा विचाराच.