ऊर्जा लेखापरीक्षकाचा परवाना : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील दालमिल, अमरावती परिसरातील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि नांदगाव पेठेतील वस्त्रोद्योग यांच्या ताळेबंदात वीजबिल ही खर्चाची एक ओळ असते. नफ्याचे प्रमाण मुळातच अल्प असलेल्या व्यवसायात हीच ओळ वर्षाचा निकाल फिरवू शकते. वारंवार वायंडिंग केलेली मोटार, गरजेपेक्षा मोठा पंप, हवेची गळती असलेला कॉम्प्रेसर यांतून वाया जाणारी वीज मालकाला दिसत नाही; ती मोजून दाखवणारा जाणकार लागतो. हा जाणकार खरोखरच जाणकार आहे, हे कोणी ठरवायचे? आणि ते ठरवण्याचा खर्च कोणी सोसायचा?

या प्रश्नाचे उत्तर ऊर्जा संवर्धन अधिनियम, 2001 मध्ये आहे. हा कायदा 1 मार्च 2002 रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो अस्तित्वात आला. ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवरील पहिली प्रमाणन परीक्षा 2004 मध्ये झाली. व्यवस्थापकाला तीन आणि लेखापरीक्षकाला चार प्रश्नपत्रिका उत्तीर्ण व्हाव्या लागतात. त्यांत बॉयलर, भट्टी यांसारखी औष्णिक साधने, मोटार, पंप यांसारखी विद्युत साधने आणि ऊर्जा व्यवस्थापनाची सर्वसाधारण तत्त्वे यांचा समावेश असतो. मात्र परीक्षा उत्तीर्ण होणे ही पहिली पायरी होय. कायद्याने बंधनकारक असलेले लेखापरीक्षण करण्यासाठी ब्युरोची स्वतंत्र अधिस्वीकृती आवश्यक असते आणि ती प्रत्यक्ष कामाचा अनुभव तपासूनच दिली जाते.

आता खर्चाचा विचार करू. परीक्षेचे शुल्क उमेदवार भरतो; अधिस्वीकृतीसाठीही त्यालाच शुल्क द्यावे लागते. कायद्याच्या कलम 20 नुसार केंद्रीय ऊर्जा संवर्धन निधी स्थापन झालेला असून, शासनाचे अनुदान आणि ब्युरोला मिळणारे शुल्क या दोन्ही रकमा त्यातच जमा होतात. कर्मचाऱ्यांचे वेतन व इतर खर्च याच निधीतून भागवले जातात आणि ब्युरोच्या हिशेबांची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. म्हणजे परवाना देण्याच्या खर्चाचा काही भार परवानाधारकावर पडतो आणि उरलेला करदात्यावर. परीक्षा घेणे हे सरकारच्या दृष्टीने फार महागडे काम नव्हे.

महागडे काम त्यानंतर सुरू होते. परवाना म्हणजे शासनाने समाजाला दिलेली हमी. बँकेने कोणासाठी हमीपत्र दिले, तर कागद आणि मुद्रांक यांचा खर्च किरकोळ असतो. खरी जोखीम ती हमी निभावण्यात असते. परवान्याचेही तसेच आहे. परवानाधारकाने प्रत्यक्ष मोजमाप केले की मागील वर्षाच्या अहवालातील आकडे उतरवून घेतले, हे पाहणारी यंत्रणा नसेल, तर प्रमाणपत्राचे मोल कागदापुरतेच उरते.

येथे सनदी लेखापालांचे उदाहरण उपयोगी ठरते. 1949 च्या कायद्याने स्थापन झालेली त्यांची संस्था सभासदांच्या व विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालते आणि आपल्या सभासदांवर शिस्तभंगाची कारवाईही करते. ऊर्जा लेखापरीक्षकांची अशी स्वतंत्र वैधानिक संस्था नाही. परीक्षा, यादी आणि देखरेख या तिन्ही जबाबदाऱ्या ब्युरोकडेच येतात. साहजिकच देखरेखीचा खर्च टाळायचा म्हटले, तर तो उचलणारे दुसरे कोणीही उरत नाही.

मोठ्या उद्योगांच्या बाबतीत ही देखरेख बऱ्याच अंशी झाली आणि तिचे फळही मिळाले. 2012 ते 2015 या काळातील ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’ म्हणजेच ‘पॅट’ योजनेच्या पहिल्या टप्प्यात आठ क्षेत्रांतील 478 उद्योगांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य ठरवून दिले होते. सुमारे 66.9 लाख टन तेलसममूल्य बचतीचे लक्ष्य असताना प्रत्यक्षात सुमारे 86.7 लाख टनांची बचत झाली. उद्योगाने सादर केलेले आकडे अधिस्वीकृत लेखापरीक्षकाने पडताळायचे आणि शंका आल्यास दुसऱ्या लेखापरीक्षकाकडून फेरपडताळणी करून घ्यायची, अशी तरतूद 2012 च्या नियमांत आहे. हमी निभावण्याचा खर्च म्हणतात तो हाच.

अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक वीज केंद्रासारखी मोठी केंद्रे या चौकटीत सहज बसतात. औष्णिक केंद्रांसाठी वार्षिक 30,000 टन तेलसममूल्य, तर वस्त्रोद्योगासाठी 3,000 टन ही किमान मर्यादा ‘पॅट’मध्ये ठरली. ती लहान कारखान्यापासून किती दूर आहे, हे साध्या हिशेबाने कळते. एक युनिट विजेची उष्णता 860 किलोकॅलरी आणि एक टन तेलसममूल्य म्हणजे एक कोटी किलोकॅलरी. त्यानुसार 3,000 टन म्हणजे वर्षाला सुमारे 3.49 कोटी युनिट होतात. समजा, एखादी दालमिल महिन्याला 50,000 युनिट वीज वापरते. तिचा वार्षिक वापर सहा लाख युनिट, म्हणजे जेमतेम 52 टन भरतो. वऱ्हाडातील अशा कारखान्यावर या योजनेची सक्ती नाही, त्यामुळे फेरपडताळणीचे संरक्षणही नाही.

वास्तविक गरज त्यालाच अधिक आहे. वरील दालमिलने केवळ आठ टक्के बचत साधली, तर वर्षाला 48,000 युनिट वाचतील. एका युनिटचा दर नऊ रुपये धरला, तर ही रक्कम 4 लाख 32 हजार रुपये होते. परंतु लेखापरीक्षण वरवरचे झाले, तर त्याचे शुल्क तर जातेच, शिवाय चुकीच्या शिफारशीवरून खरेदी केलेल्या यंत्राचे कर्जही फेडत बसावे लागते. देखरेखीवर शासनाने न केलेला खर्च असा लहान उद्योजकाच्या खात्यावर नावे पडतो.

महाराष्ट्रात या कायद्याखालील राज्यस्तरीय यंत्रणा म्हणून ‘महाऊर्जा’ काम पाहते आणि तिचे विभागीय कार्यालय अमरावती येथे आहे. लहान उद्योगांच्या अहवालांपैकी काही अहवाल दरवर्षी नमुन्यादाखल निवडून त्यांची स्थळावर जाऊन फेरतपासणी केली, तर मोठ्या खर्चाविनाही व्यवसायात शिस्त येईल. सर्वच अहवाल तपासण्याची आवश्यकता नाही. कोणताही अहवाल तपासला जाऊ शकतो, ही जाणीव पुरेशी असते. बँकांची अंतर्गत तपासणीही बऱ्याच अंशी याच तत्त्वावर चालते.

तोपर्यंत उद्योजकांनी स्वतः काही दक्षता घ्यावी. लेखापरीक्षकाचा प्रमाणपत्र क्रमांक मागून घ्यावा आणि ब्युरोच्या यादीशी ताडून पाहावा. मोजमाप कोणत्या उपकरणाने, कोणत्या दिवशी आणि यंत्रावर किती भार असताना घेतले, हे अहवालात नमूद करून घ्यावे. प्रत्येक शिफारशीपुढे खर्च, अपेक्षित बचत आणि परतफेडीचा कालावधी लिहिलेला असावा. शुल्काचा काही भाग सहा महिन्यांच्या वीजबिलांशी अहवाल पडताळून पाहिल्यानंतरच देण्याचा करार करावा.

परवान्याचा खर्च कमी ठेवणे हे शासनाचे कौशल्य मानले जाते. परंतु जमाखर्चाचा नियम असा की, एका बाजूने वगळलेली रक्कम दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत उमटतेच. ऊर्जा लेखापरीक्षकांच्या देखरेखीवरील खर्च आज वगळला, तर तो उद्या दालमिलच्या वीजबिलात दिसेल.