नाण्यावरचा टिनटिन

मुलांनो, 'छापा की काटा?' असे विचारत तुम्ही पुष्कळदा नाणे उडवले असेल. त्या नाण्यावर चित्रकथेतला नायक असता तर?

बेल्जियम देशाने २००४ साली १० युरोचे चांदीचे नाणे काढले. त्यावर टिनटिन आहे. हा धाडसी तरुण बातमीदार बेल्जियमच्याच एर्जे या चित्रकाराने १९२९ साली निर्माण केला. त्याला पंचाहत्तर वर्षे झाली, म्हणून हे नाणे. त्याने कोणी भाजी विकत घेत नाही. नाणी जमवणारे लोक ते जपून ठेवतात.

पण नाणे म्हणजे राज्याची खूण. तिथे कागदावरचा मुलगा कशाला? बेल्जियमच्या राजभाषा तीन: डच, फ्रेंच आणि जर्मन. फ्रेंच बोलणारी मुले टिनटिनला 'तँतँ' म्हणतात, डच बोलणारी 'कौफ्ये'. नावे निराळी, पण मुलगा एकच, आणि तो दोन्ही घरांत लाडका!

पॅसिफिक महासागरातील नियुए या बेटाने २०१४ साली मिकी माउसची नाणी काढली. मिकी तर अमेरिकेचा! पण दोन हजारांहूनही कमी वस्तीच्या या बेटाला अशा नाण्यांतून उत्पन्न मिळते. गंमत म्हणजे नाण्याच्या एका बाजूला मिकी आणि दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ!