गिटची भाषा आणि गावचा फेरफार

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील तरुण आता टोमॅटो, कांदा, द्राक्षाच्या धंद्याबरोबर संगणकाच्या नोकरीकडेही वळले आहेत. अवसरी, कुरण, बेल्हे येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथून बाहेर पडलेली मुले-मुली पुण्यात हिंजवडी किंवा खराडीला कामाला लागतात. प्रोग्राम त्यांना लिहिता येतो. पण पहिल्याच आठवड्यात ‘रेपो क्लोन कर, ब्रँच काढ, कमिट करून पुश कर आणि पुल रिक्वेस्ट टाक’ असे फर्मान सुटते, आणि चांगला हुशार मुलगाही गोंधळतो. विचारायची लाज वाटते. मग दुसऱ्याच्या आज्ञा जशाच्या तशा टंकायच्या आणि काही बिघडले की सारे फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करायची, अशी सवय लागते. प्रोबेशनच्या काळात ही सवय महागात पडते.

ज्या सॉफ्टवेअरची ही भाषा आहे त्याचे नाव गिट. एकाच कामावर अनेक माणसे हात चालवत असतील तर कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणे हे त्याचे काम. असे सॉफ्टवेअर नवे नाही. १९७२ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत एससीसीएस तयार झाले. पुढे आरसीएस, सीव्हीएस आणि २००० साली सबव्हर्जन आले. लिनक्सचे काम ज्या बिटकीपरवर चाले त्याचा फुकट परवाना बंद झाला, तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. इंग्लंडच्या बोलीत ‘गिट’ म्हणजे नालायक माणूस. शिकणाऱ्याला ते नाव पहिल्या महिन्यात पटते!

आमच्या मते दोष शिकणाऱ्याचा कमी आणि शब्दांचा जास्त आहे. सबव्हर्जनमध्ये ‘चेकआउट’ म्हणजे सर्व्हरवरून काम आपल्याकडे घेणे. गिटमध्ये त्याला ‘क्लोन’ म्हणतात, आणि ‘चेकआउट’ म्हणजे एका शाखेवरून दुसरीवर जाणे. त्याच आज्ञेने फाइलमधला बदल टाकूनही देता येतो. सबव्हर्जनमध्ये ‘कमिट’ केले की काम सर्व्हरवर पोचते. गिटमध्ये ते आपल्याच संगणकावर राहते आणि ‘पुश’ केल्यावर पुढे जाते. कमिटपूर्वी बदल जेथे मांडून ठेवतात त्या एकाच जागेला इंडेक्स, कॅश आणि स्टेजिंग एरिया अशी तीन नावे! गिट सांभाळणाऱ्यांनाही हे खटकले असावे, कारण ऑगस्ट २०१९ च्या २.२३ आवृत्तीत चेकआउटची दोन कामे वेगळी करून ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन नव्या आज्ञा दिल्या गेल्या. नवशिक्याने याच दोन वापराव्यात.

आता हा सारा कारभार आपल्या गावात कोठे दिसतो? तलाठ्याच्या दप्तरात. सातबारा हे जमिनीचे आजचे चित्र. ते असे का झाले, याचा इतिहास गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो. खरेदी झाली, वारस लागले, बोजा चढला की नवा क्रमांक पडतो, कारण लिहिले जाते आणि तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो. गिटमधील कमिट म्हणजे अशीच एक फेरफार नोंद. तिलाही क्रमांक असतो, फक्त तो चाळीस अक्षरे-अंकांचा. पडद्यावर बहुधा पहिली सातच दिसतात. तिच्यासोबत लिहायचा संदेश म्हणजे नोंदीचे कारण. ‘बदल केला’ एवढेच लिहिणे म्हणजे फेरफारात ‘नाव बदलले’ एवढेच लिहून मोकळे होणे. कोणाचे, कशावरून, हे वाचणाऱ्याला कळायला नको का?

तलाठ्याने नोंद धरली म्हणजे ती कायम झाली असे नसते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पुल रिक्वेस्ट ही तशीच विनंती आहे: ‘माझा बदल तपासा आणि मुख्य प्रतीत घ्या.’ पाठवणारा आपण, पण ओढून घेणारा समोरचा, म्हणून नाव ‘पुल’. मंजुरी मिळून बदल मुख्य प्रतीत मिसळला की झाले ‘मर्ज’. आणि दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली असेल तर ‘कॉन्फ्लिक्ट’. महसुलात तक्रारी नोंदीसाठी नमुना ६-अ ही वेगळी वही आहे. तेथे जसा निर्णय माणूसच देतो, तसा येथेही माणसालाच द्यावा लागतो. गिट फक्त वादाची जागा दाखवते. त्यामुळे कॉन्फ्लिक्ट दिसला की काही मोडले, असे समजू नये.

चुकीची फेरफार नोंद खोडरबराने पुसत नाहीत. नव्या नोंदीने दुरुस्त करतात. ‘रिव्हर्ट’ नेमके हेच करते. याउलट ‘फोर्स पुश’ म्हणजे वहीची पाने फाडून आपली पाने चिकटवणे. सहकाऱ्यांचे काम त्यात जाऊ शकते, म्हणून नव्या माणसाने त्याला हात लावू नये.

उपमा एका ठिकाणी तुटते. तलाठ्याची वही एकच. गिटमध्ये प्रत्येकाकडे इतिहासासकट पूर्ण वही असते. ब्रँच म्हणजे पोटहिस्साही नव्हे. पोटहिस्सा वेगळा पडतो तो पडतोच, ब्रँच मात्र बहुधा पुन्हा मिसळण्यासाठीच काढतात.

दस्त, नक्कल, हिस्सा, तक्रार हे शब्दही फारसी-अरबीतून कचेरीत आले. आज घोडेगावच्या तहसील कचेरीत कोणी त्यांचा अर्थ विचारत नाही. कमिट आणि मर्जचेही वापराने तसेच होईल. स्टेटस, पुल, स्विच, ॲड, कमिट, पुश एवढ्या सहा आज्ञांवर रोजचे बहुतेक काम भागते. सरावाला खरे काम हवे असेल तर ते तालुक्यातच आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांच्या नोंदींवर प्रक्रिया करणारा ‘कॅप्चर’ हा प्रोग्राम रुता काळे आणि ईश्वर-चंद्र या शास्त्रज्ञांनी गिटहबवर खुला ठेवला आहे. तो क्लोन करून त्याच्या नोंदी क्रमाने वाचाव्यात. फी लागत नाही.

गिट आणि गिटहब यांतही गल्लत होते. गिट हे सॉफ्टवेअर. गिटहब ही २००८ साली सुरू झालेली, गिटची कामे ठेवण्याची जागा. मायक्रोसॉफ्टने ती २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला घेतली.

हे व्यापाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. नारायणगाव-मंचरचे आडतदार आता हिशेबाचे किंवा ऑर्डरचे सॉफ्टवेअर एखाद्या ओळखीच्या मुलाकडून करून घेतात. काम सुरू होण्यापूर्वीच विचारावे, की रेपो कोणाच्या खात्यावर आहे? ते पेढीच्या नावाने उघडलेले असावे आणि मुलाला त्यात कामापुरता प्रवेश द्यावा. नाही तर तो नोकरी धरून बंगळुरूला गेला की सॉफ्टवेअरची मूळ प्रत त्याच्याबरोबर जाते. दुसरे, बँकेचा पासवर्ड किंवा पेमेंटची गुप्त किल्ली रेपोत कधीही टाकू देऊ नये. पुढच्या कमिटमध्ये ती काढली तरी जुन्या नोंदीत ती तशीच वाचता येते. चुकून गेलीच, तर खोडत बसण्याआधी बँकेला कळवून ती बदलून घ्यावी.