जुना सर्व्हर भंगारात देण्यापूर्वी हे वाचा

संस्थेच्या कार्यालयात व्हिडिओ साठवणारा सर्व्हर असतो. त्यात जयंतीच्या मिरवणुका असतात, ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मुलाखती असतात आणि अत्याचारग्रस्त कुटुंबांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलेली हकीकतही असते. नवीन सर्व्हर आला की जुना विकायची घाई होते. इथे दोन धोके आहेत. एखादी एकमेव प्रत कायमची नष्ट होऊ शकते, किंवा पीडितांचे चेहरे आणि पत्ते परक्याच्या हाती पडू शकतात. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना पुढील क्रम सुचवतो.

पहिले, जुन्या सर्व्हरवर नवीन काही साठवणे थांबवा. कोणते संगणक आणि कोणते कॅमेरे अजून त्याला जोडलेले आहेत, ते शोधा.

दुसरे, प्रत तपासा. फाइलींची संख्या जुळली म्हणजे प्रत बरोबर आहे, असे नाही. दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ हॅश काढून जुळवा. फाइलीत किंचित बदल झाला तरी हॅश बदलतो. शिवाय काही व्हिडिओ स्वतः चालवून पाहा.

तिसरे, प्रती मोजा. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा ३-२-१ चा नियम आहे. जुना सर्व्हर हीच तिसरी प्रत असेल, तर आधी दुसरी सोय करा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एखादी डिस्क बिघडली तर रेड वाचवते, पण चुकून पुसलेली फाइल किंवा आग यांपासून वाचवत नाही.

चौथे, सर्व्हर बंद करून महिनाभर कुलपात ठेवा. काही राहून गेले असेल, तर ते या काळात लक्षात येते.

पाचवे, खटल्याशी संबंधित चित्रण असेल तर वकिलांना विचारल्याशिवाय डिस्कला हात लावू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हॅशही नोंदवावा लागतो. मूळ डिस्क गेली, तर तो पुरावा कुठून आला हे सिद्ध करणे अवघड होते.

सहावे, डिस्क खऱ्या अर्थाने पुसा. डिलीट किंवा साध्या फॉरमॅटने बहुधा फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर राहतो आणि तो परत मिळवता येतो. हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नवा मजकूर लिहावा लागतो. एसएसडीच्या काही राखीव भागांपर्यंत असे लेखन पोहोचत नाही, म्हणून तिथे उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरा. बंद पडलेली डिस्क फोडून निकामी करा. रेडमधील प्रत्येक डिस्क वेगळी पुसा. अनुक्रमांक आणि तारीख वहीत नोंदवून दोघांनी सह्या करा.

शेवटी, यंत्र रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्या आणि पावती घ्या.

ज्या माणसाने विश्वासाने आपल्यासमोर तोंड उघडले, त्याचा शब्द टिकवणे आणि त्याला सुरक्षित ठेवणे, या दोन्ही जबाबदाऱ्या आपल्याच आहेत.