सामान्य माणसे हिटलरच्या मागे का गेली?

जर्मनीतील नाझी राजवटीचे सारे खापर आपण हिटलर या एका माणसावर फोडून मोकळे होतो. परंतु त्याला मते देणारे कोण होते? दुकानदार, कारकून, शेतकरी, कारागीर, शिक्षक अशी आपल्यासारखीच संसारी माणसे त्यांत मोठ्या संख्येने होती.

१९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते मिळाली. सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ टक्क्यांवर आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर गेली. १९२३ च्या भयंकर चलनवाढीत आयुष्यभराची शिल्लक मातीमोल झाली होती. १९२९ नंतर महामंदी आली आणि सुमारे ६० लाख लोक बेकार झाले. तथापि बेकार कामगारांपैकी अनेक जण कम्युनिस्टांकडे वळले. नाझींना बळ मिळाले ते प्रामुख्याने, आज आहे ते उद्या गमावू, या भीतीने ग्रासलेल्यांकडून.

१९३४ मध्ये समाजशास्त्रज्ञ थिओडोर एबेल यांनी बक्षीस जाहीर करून नाझी सदस्यांकडून त्यांच्या जीवनकहाण्या मागविल्या. सहाशेहून अधिक कहाण्या आल्या. पराभवाचा सल, एकोप्याची ओढ आणि सोबत्यांचा आधार यांविषयी त्यांत भरभरून लिहिले आहे. अनेकांच्या लेखनात ज्यूद्वेषाचा उल्लेखही नाही. म्हणजे द्वेष मनात नसतानाही द्वेषाच्या पक्षात जाता येते, एवढेच नव्हे तर त्याकडे काणाडोळा करून तेथे समाधानाने राहताही येते.

आपल्या कॅथलिक बांधवांचे काय? कॅथलिक भागांत नाझींना तुलनेने कमी मते मिळत. सेंटर पार्टी हा त्यांचा स्वतःचा पक्ष, त्यांची वृत्तपत्रे, संघटना आणि महागुरूंचे इशारे ही त्यांची तटबंदी होती. परंतु २३ मार्च १९३३ रोजी हिटलरने ख्रिस्तसभेला आश्वासने दिली आणि त्याच दिवशी सेंटर पार्टीने त्याला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत दिले. पाच दिवसांनी महागुरूंनी आपली पूर्वीची सर्वसाधारण मनाई मागे घेतली. जुलैमध्ये तो पक्षही विसर्जित झाला. तटबंदी बाहेरून जितकी ढासळली, तितकीच ती आतून उघडली गेली.

पोप अकरावे पायस यांचे नाझींना खडसावणारे परिपत्रक २१ मार्च १९३७ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, जर्मनीतील चर्चमधून वाचण्यात आले. ते गुप्तपणे छापावे लागले. कारण तोवर उघडपणे विरोध करण्याच्या वाटा बंद झाल्या होत्या.

तरीही एकट्याने बोलणारे होतेच. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची सभास्थाने जाळली गेली, तेव्हापासून बर्लिनचे फादर बर्नार्ड लिश्टेनबर्ग ज्यूंसाठी जाहीर प्रार्थना करू लागले. १९४१ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीकडे नेले जात असताना त्यांचे निधन झाले. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

फादरांनी जे १९३८ मध्ये एकट्याने केले, ते १९३२ मध्ये लाखोंना मतपेटीतून, कोणतीही किंमत न मोजता करता आले असते. भीतीच्या काळात कोणी सुरक्षिततेचे आश्वासन देऊ लागला, तर त्याची किंमत कोणता शेजारी मोजणार आहे, हे आपण आधी विचारले पाहिजे.