अनुदान पडेपर्यंत

शेतकऱ्याला योजनांची माहिती नसते असं म्हणणारा माणूस माझ्या केंद्रात कधी तासभर बसलेला नसतो. मुदखेडला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, महाडीबीटीचे अर्ज, आधारला मोबाइल जोडणं, असली कामं. बाकावर बसलेले मामा-काका ठिबकला किती टक्के, शेततळ्याला किती, हे तोंडपाठ सांगतात. मला विचारतात ते वेगळंच: "भाऊ, पैसे कव्हा पडतील?" सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

आमचा तालुका दोन तऱ्हेचा. इसापूरच्या कालव्याचं पाणी पोचतं तिकडं केळी, ऊस, हळद. मुदखेडची गुलाब-मोगऱ्याची फुलशेती तर जुनीच. बाकी रान सोयाबीन-कापसाचं, पावसाच्या भरवशावर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा दुष्काळ हाच एक वैरी वाटायचा. आता पाऊस येतो तोही घात करूनच. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरातली गावं एका रात्रीत पाण्यात गेली. (मुखेड वेगळं, मुदखेड वेगळं, त्या दिवसांत बाहेरगावचे पाहुणे घाबरून आम्हालाच फोन करत होते.)

हवामानाच्या या लहरीपणाला शेत तयार करायचं म्हणून राज्यानं २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला. लोक त्याला 'पोकरा' म्हणतात. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसह एकूण ५,१४२ गावं त्यात घेतली. गावं निवडली पाणलोटाच्या हिशेबानं. हिशेब शास्त्राला धरून होता, पण त्यामुळं एक गाव आत आणि बांधाला बांध लागलेलं दुसरं बाहेर. बाहेरच्या गावचा माणूस मलाच जाब विचारायचा, जणू यादी मी केली. आतल्या गावांत ग्राम कृषी संजीवनी समिती अर्ज बघायची. शेततळं, विहीर पुनर्भरण, ठिबक, तुषार, पाइपलाइन, शेडनेट, फळबाग असे घटक होते. बहुतेक वैयक्तिक कामांना दोन हेक्टरपर्यंत ७५ टक्के आणि दोन ते पाच हेक्टरवाल्याला ६५ टक्के अनुदान. पैसे थेट खात्यात, मधे खाणारा कोणी नाही. ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारून चालणार नाही. दुसऱ्या टप्प्याची आखणी २१ जिल्ह्यांतल्या ७,२०१ गावांसाठी, ६ हजार कोटींची आहे.

जे गाव पोकरात नाही त्याला महाडीबीटी. आधी सोडत निघायची, नंबर लागायचा; २०२५ पासून जो आधी अर्ज करील त्याचा नंबर आधी. म्हणजे ज्याचा फार्मर आयडी तयार आहे, आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे, तो पुढं. बाकीचे माझ्या बाकावर. निवड झाली की कागदपत्रं चढवायची, मग पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल, मग मोका तपासणी: रानात उभं राहून जिओटॅगचा फोटो. खात्यात पैसे त्याच्यानंतर. घाई करून पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल आणलं तर प्रकरण बाद. असे रडवेले चेहरे दर हंगामात बघतो.

एक बाई यायच्या. दोन एकर रान, पण सातबारा अजून वारलेल्या मालकाच्या नावावर. वारस नोंद नाही म्हणून फार्मर आयडी नाही, आयडी नाही म्हणून अर्ज नाही. फेरफार होऊन नाव चढायला एक हंगाम गेला. मग ठिबकला निवड झाली, पूर्वसंमती आली आणि दुकानदार म्हणाला, आधी पूर्ण रक्कम. त्याचंही चुकलं नाही, त्यालाही कंपनीला पैसे द्यायचे असतात. बाईंनी बचत गटातून कर्ज उचललं, दीड टक्का महिना. संच बसला, फोटो झाला आणि अनुदानाची वाट बघत व्याज चालू राहिलं. त्या दर आठवडी बाजाराला पासबुक घेऊन यायच्या. मी एंट्री बघायचो आणि मान हलवायचो. पैसे शेवटी पडले, पूर्ण पडले. पण त्यातला एक तुकडा व्याजात गेला, तो कुठल्या तक्त्यात दिसत नाही.

टक्क्यांचंही असंच. ठिबकला केंद्र आणि राज्याचं मिळून अल्पभूधारकाला ८० टक्के म्हणतात, ते मापदंडाच्या खर्चावर, बिलावर नाही. समजा मापदंडानं खर्च ५० हजार धरला आणि दुकानाचं बिल ६५ हजारांचं झालं. अनुदान ४० हजार, घरचे २५ हजार. म्हणजे शेतकऱ्याचा वाटा २० टक्के नव्हे, ३८ टक्क्यांच्या घरात. आणि पहिल्या दिवशी मोजायचे ते ६५ हजारच.

शेततळ्याचं गणित जागेचंही आहे. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचं तळं भरलं तर साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. एका एकराला पाच सेंटिमीटरची पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतात. ऑगस्टात पावसानं ताण दिला तर दहा एकर सोयाबीन एका पाण्यानं तरून जातं. पण त्या खड्ड्याला नऊ गुंठे जातात, बांध धरून आणखी जास्त. दोन एकरवाला एवढं रान कुठून सोडणार? तळी दिसतात ती बहुतेक मोठ्या खातेदारांच्या रानात, आणि त्यातली कित्येक पावसाच्या वाहत्या पाण्यानं नव्हे, बोअरच्या मोटारीनं भरलेली. त्यानं भूजल वाढत नाही, उघड्यावर आणून उन्हात ठेवलं जातं.

त्यामानानं रुंद सरी वरंबा स्वस्त. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तो लावून धरलाय. गादीवर सोयाबीन, दोन्ही बाजूंना सरी. झड लागली तर पाणी सरीतून निघून जातं, उघडीप पडली तर ओल टिकते. नदीच रानात शिरली तर कशाचाच उपयोग नाही, पण नुसतं पाणी साचणाऱ्या काळ्या रानात फरक डोळ्यांना दिसतो. त्याच्या यंत्राला अनुदान आहे. तरी ट्रॅक्टरचा अर्ज भरायला दहा येतात आणि याच्यासाठी एखादा.

सौरपंपाचं मात्र बघण्यासारखं आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी फक्त आपला हिस्सा भरतो: सर्वसाधारण १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. बाकीचे पैसे त्याच्या हातून जातच नाहीत, पुरवठादार पंप बसवून देतो. वाट तिथंही बघावी लागते, पण व्याज भरत नाही. ठिबकला कर्ज काढावं लागेल म्हणून परत गेलेली माणसं सौरपंपाच्या अर्जाला माझ्याकडं आली.

एक रुपयाचा पीक विमा २०२५ मध्ये बंद करून राज्यानं शेतीतल्या भांडवली कामांसाठी दरवर्षी ५ हजार कोटी ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी अतिवृष्टीचं पॅकेज जाहीर झालं ते ३१,६२८ कोटींचं. त्यात घरं, जनावरं, रस्तेही आले, पण मोडल्यावर लागणारा पैसा आणि मोडू नये म्हणून ठेवलेला पैसा यांचं प्रमाण ध्यानात येतं. निदान हे ५ हजार कोटी तरी ज्याच्याकडं आधीच भांडवल आहे त्यालाच जाऊ नयेत.

सौरपंपासारखं ठिबकचं अनुदानही थेट दुकानदाराला दिलं की कागदावरची ठिबकं होतात, ही भीती खोटी नाही. जुन्या काळात तशा तक्रारी होत्याच. पण तेव्हा जिओटॅग नव्हता, फार्मर आयडी नव्हता. आता शेतकऱ्यानं हिस्सा भरावा, संच बसावा, मोका तपासणी व्हावी आणि उरलेली रक्कम सरकारनं थेट दुकानदाराला द्यावी. तालुक्याच्या बैठकीत हे मी एकदा बोललो. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.